गोळ्या चुकत नाहीत, तरी गुण का येत नाही?

नेरुळहून एका वाचक भगिनीने लिहिले आहे: "माझी आई ६४ वर्षांची असून तिचे वजन ५८ किलो आहे. तिला सहा वर्षांपासून थायरॉईड आणि चार वर्षांपासून बीपीचा त्रास आहे. थायरॉईडची गोळी ५० वरून ७५ आणि आता १०० वर गेली, तरी रक्ततपासणीत टीएसएच ११ च्या खाली येत नाही. बीपीसाठी टेल्मिसार्टन आणि क्लोरथॅलिडोन अशी जोडगोळी चालू आहे, तरी दवाखान्यात १६०/९४ भरते. आई गोळ्यांच्या बाबतीत अतिशय काटेकोर आहे. पहाटेच्या चहाबरोबर थायरॉईडची, बीपीची आणि कॅल्शियमची अशा तिन्ही गोळ्या ती एकदम घेऊन टाकते, म्हणजे विसरायला नको. गुडघ्यांसाठी मेडिकलमधून आणलेली दुखण्याची गोळी आणि तिच्यामुळे अ‍ॅसिडिटी होते म्हणून आणखी एक, एवढेच काय ते वरचे औषध. दोन्ही एकादश्या आणि चतुर्थी सोडल्या तर तिची एकही गोळी चुकत नाही. पथ्यही ती पाळते. भजनी मंडळात गाते, त्यामुळे दिवसभर तोंडात सुपारीऐवजी ज्येष्ठमधाची काडी असते. भाऊ म्हणतो, जेनेरिक दुकानातली औषधे बनावट असतात. मावशी म्हणते, अंगाला सवय झाली, आता चूर्ण सुरू कर. डॉक्टर बदलावा का? आणि काही माणसांच्या अंगाला औषध लागतच नाही म्हणतात, ते खरे का?"

सप्रेम नमस्कार.

तुमच्या पत्रात औषधावर संशय आहे, दुकानदारावर आहे, डॉक्टरांवर आहे आणि शेवटी आईच्या शरीरावरही आहे. मला मात्र उत्तराचा धागा सापडला तो तुम्ही आईच्या कौतुकासाठी लिहिलेल्या ओळींमध्ये. आईंना तपासल्याशिवाय खात्रीने काही सांगणे योग्य नाही; तरीही पत्रातल्या तपशिलांवरून मला असे वाटते की त्यांच्या गोळ्या बहुधा चांगल्या आहेत, डॉक्टरांनी निवडलेली औषधेही बरोबर आहेत, आणि अडचण आहे ती गोळी तोंडात टाकल्यानंतर औषध आपले काम करेपर्यंतच्या वाटेवर. आयुर्वेदात अनुपान असा शब्द आहे. औषध मधाबरोबर घ्यायचे, तुपाबरोबर की कोमट पाण्याबरोबर, हे तिथे औषधाइतकेच नेमकेपणाने सांगितलेले असते. आम्हा अ‍ॅलोपॅथी डॉक्टरांच्या चिठ्ठीवर १-०-० एवढेच लिहिलेले असते आणि अनुपानाचा रकाना बहुतेक वेळा कोराच राहतो.

थायरॉईडची गोळी म्हणजे थायरॉक्सिन, थायरॉईड ग्रंथी पुरेसे बनवत नाही ते संप्रेरक. ते कमी पडले की टीएसएचचा आकडा चढतो. ही गोळी रिकाम्या पोटी, साध्या पाण्याबरोबर घेतली तरीसुद्धा सगळीच्या सगळी शोषली जात नाही. मग तिच्याबरोबर दुधाचा चहा गेला की तो वाटा आणखी घटतो, आणि कॅल्शियम किंवा लोहाची गोळी गेली तर फारच घटतो, कारण थायरॉक्सिन आतड्यातच कॅल्शियमला चिकटते आणि बरेचसे शोषले न जाता बाहेर पडते. अ‍ॅसिडिटीच्या गोळीने जठरातले आम्ल कमी झाले की थायरॉक्सिन नीट विरघळत नाही, ते वेगळेच. म्हणजे तुमच्या आई पहाटे उठून, न विसरता, जी गोळी घेतात तिला त्याच घोटात त्या अडवूनही ठेवतात. याचा एक पुरावा तुमच्या पत्रातच आहे. थायरॉईड ग्रंथी अजिबात काम करत नसेल, तर साधारणपणे दर किलो वजनामागे १.६ मायक्रोग्रॅम थायरॉक्सिन लागते. ५८ किलोला ते ९३ मायक्रोग्रॅमच्या आसपास येते. आईंची गोळी १०० ची आहे. ती पूर्ण लागू पडत असती, तर टीएसएच ११ वर अडून राहण्याचे कारण नव्हते.

तेव्हा थायरॉईडची गोळी एकटी घ्यावी, साध्या पाण्याबरोबर, आणि त्यानंतर किमान अर्धा तास, शक्यतो एक तास, चहा घेऊ नये. कॅल्शियमची गोळी चार तासांच्या अंतराने घ्यायची. दुपारच्या जेवणानंतर घेतली तर कॅल्शियम कार्बोनेटसाठी ती वेळ चांगलीच आहे, कारण ते जेवणाबरोबर अधिक चांगले शोषले जाते. पहाटेचा चहा सोडणे आईंना जड जाणार असेल (आणि तो जड जातो, हे मी स्वतःवरून सांगतो), तर रात्रीच्या जेवणानंतर तीन तासांनी, झोपताना, ही गोळी घेण्याची सोय डॉक्टरांना विचारून करता येते. गोळ्यांची बाटली कुठे ठेवता, हे तुम्ही लिहिलेले नाही. बऱ्याच घरांत ती गॅसच्या शेगडीवरच्या फळीवर, मिसळणाच्या डब्याशेजारी असते, म्हणजे रोज दोन वेळा वाफ खाते. थायरॉक्सिनला उष्णता, उजेड आणि दमट हवा तिन्ही सोसत नाहीत, आणि खाडीकाठच्या आपल्या हवेत जुलै महिन्यात काय होते हे नेरुळकरांना सांगायला नको. बाटली तिच्या झाकणासकट, आतल्या ओलावा शोषणाऱ्या पुडीसकट, कोरड्या कपाटात ठेवावी.

आता एक गोष्ट, जी मला या सगळ्यांपेक्षा महत्त्वाची वाटते. हे उत्तर वाचून उद्यापासून आईंची वेळ बदलू नका. आधी डॉक्टरांना फोन करा. आतापर्यंत जी गोळी अर्धीमुर्धी पोहोचत होती ती उद्यापासून पूर्ण पोहोचली, तर तीच १०० ची गोळी त्यांना जास्त होण्याची शक्यता आहे. थायरॉक्सिन जास्त झाले की छातीत धडधड होते, हात कापतात, झोप उडते. साठीपुढच्या माणसाच्या हृदयाचे ठोके अनियमित होऊ शकतात, आणि ज्या हाडांसाठी कॅल्शियम चालू आहे ती हाडेच आणखी ठिसूळ होतात. नवी वेळ सुरू करायची, सहा आठवड्यांनी टीएसएच पुन्हा तपासायचा आणि मग मात्रा ठरवायची, हे डॉक्टरांनीच करायचे काम आहे. त्याआधी घाईने केलेल्या तपासणीला अर्थ नाही, कारण टीएसएच नव्या पातळीवर स्थिरावायला तेवढा वेळ लागतोच.

डॉक्टर बदलण्याच्या प्रश्नाकडे मी इथेच वळतो, कारण ही चूक मी स्वतः केलेली आहे. ठाण्याच्या नौपाड्यात दवाखाना चालवत असताना कळव्याहून एक गृहस्थ दम्यासाठी येत असत. मी त्यांना यंत्रातून ओढायच्या कॅप्सूल लिहून दिल्या होत्या. पहिल्या खेपेला फरक नाही, दुसऱ्या खेपेला नाही. मी मात्रा वाढवली, मग औषध बदलले. चौथ्या खेपेला, का कोण जाणे, मी त्यांना म्हटले, "कशी घेता ते जरा करून दाखवा." त्यांनी शर्टाच्या खिशातून स्ट्रिप काढली, एक कॅप्सूल सोडवली, टेबलावरचा माझाच पाण्याचा ग्लास उचलला आणि ती गिळून टाकली. यंत्र घरी देवघरातल्या फळीवर होते, वेष्टनासकट. महाग वस्तू म्हणून त्यांनी ते जपून ठेवले होते. छातीत जायचे औषध दोन महिने पोटात जात होते, आणि मी मात्र त्यांचा दमा औषधाला दाद देत नाही असे कागदावर लिहीत होतो. तुमच्या डॉक्टरांनी ५० चे ७५ आणि ७५ चे १०० करताना 'कशाबरोबर घेता' हे विचारले नसेल, तर ती उणीव आहे; पण ती भरून काढायला नवा डॉक्टर लागत नाही, एक सविस्तर भेट लागते.

बीपीकडे येऊ. दुखण्याची जी गोळी तुम्ही 'वरचे औषध' म्हणून एका ओळीत संपवली आहे, तिचे नाव पत्रात नाही. पण गुडघ्यांसाठी मेडिकलमधून सहज मिळणारी गोळी बहुतेकदा डायक्लोफिनॅक, एसिक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन किंवा एटोरिकॉक्सिब यांपैकी एक असते. मूत्रपिंडातल्या रक्तवाहिन्या सैल ठेवून मीठ बाहेर टाकायला मदत करणारी जी द्रव्ये शरीर तयार करते, त्यांनाच या गोळ्या रोखतात. परिणामी मीठ आणि पाणी अंगात साठते, रक्तदाब चढतो आणि टेल्मिसार्टन व क्लोरथॅलिडोन या दोन्ही औषधांचा जोर कमी पडतो. शिवाय या दोन औषधांवर असलेल्या माणसाने दुखण्याची गोळी रोज घेणे मूत्रपिंडाला धोक्याचे असते, मग बीपी कितीही असो. आईंची क्रिएटिनिनची, म्हणजे मूत्रपिंडाच्या कामाची, तपासणी अलीकडे झाली नसेल, तर ती करून घ्यावी. गुडघ्यांसाठी वरून लावायचे मलम, मांडीचे स्नायू बळकट करणारे व्यायाम आणि गरज पडल्यास डॉक्टरांनी ठरवून दिलेल्या मात्रेत पॅरासिटामॉल, हा मार्ग धरता येईल. मात्र पाण्यात फसफसणाऱ्या गोळ्या टाळाव्यात. त्यांत सोडियम भरपूर असते आणि बीपीसाठी ते न दिसणारे मीठच आहे. ज्या इनोने आपण जेवण जिरवतो त्याचेही तेच.

आणि ज्येष्ठमध. तुम्ही ते पथ्यात धरले आहे, सुपारीपेक्षा बरे म्हणून. घसा बसलेला असताना चार दिवस काडी चघळली तर कोणी हरकत घेणार नाही. पण दिवसभर, वर्षानुवर्षे हे वेगळे प्रकरण आहे. ज्येष्ठमधाला गोडी आणणारा जो घटक आहे, तो मूत्रपिंडातल्या एका एन्झाइमचे (रासायनिक क्रिया घडवणाऱ्या प्रथिनाचे) काम बंद पाडतो. आपल्याच शरीरातले कॉर्टिसॉल हे संप्रेरक मूत्रपिंडाला मीठ धरून ठेवायचा हुकूम देऊ नये, म्हणून हे एन्झाइम तिथे पहारा देत असते. पहारा उठला की मीठ साठते, बीपी वाढते आणि पोटॅशियम लघवीवाटे निघून जाते. क्लोरथॅलिडोनही पोटॅशियम घालवणारेच औषध आहे, त्यामुळे दोन्ही मिळून पोटॅशियम बरेच खाली आणू शकतात. आईंच्या पोटऱ्यांत रात्री गोळे येतात का, जिना चढताना पायांतले बळ गेल्यासारखे वाटते का, हे त्यांना विचारा, आणि क्रिएटिनिनच्या जोडीने सोडियम-पोटॅशियमही तपासून घ्या. काडी बंद केल्यावर तिचा परिणाम ओसरायला साधारण दोन आठवडे लागू शकतात, म्हणून तिसऱ्या दिवशी बीपी तेवढेच दिसले तर निराश होऊ नका. उलट दुखण्याची गोळी आणि ज्येष्ठमध दोन्ही सुटल्यावर बीपी अपेक्षेपेक्षा खाली येऊन उठताना चक्कर येऊ लागली, तर डॉक्टरांना लगेच कळवायला हवे. तिथेही गोळीची मात्रा कमी करावी लागेल.

दवाखान्यातल्या १६०/९४ या एकट्या आकड्यावरही मी विसंबणार नाही. नेरुळ स्टेशनचे जिने चढून उतरून, रिक्षाच्या रांगेत उभे राहून, नंबर येईपर्यंत शेजारणीशी बोलत बसलेल्या बाईचे बीपी जास्त भरणे स्वाभाविक आहे. दंडाला लावायचे इलेक्ट्रॉनिक यंत्र घ्या, मनगटाचे नको. सकाळी चहा आणि गोळी यांच्या आधी, आणि पुन्हा संध्याकाळी, पाच मिनिटे शांत बसून, पाठ टेकवून, पाय जमिनीवर, हात टेबलावर छातीच्या पातळीला ठेवून, न बोलता, दोन-दोन वेळा मोजा आणि वहीत लिहा. असे सात दिवस करून पहिला दिवस सोडून बाकीच्यांची सरासरी काढली, तर घरचे बीपी १३५/८५ च्या आत आहे की बाहेर, हे कळेल. ती वही डॉक्टरांना दवाखान्यातल्या एका आकड्यापेक्षा कितीतरी उपयोगाची वाटेल.

एकादशी आणि चतुर्थीला गोळी न घेणे म्हणजे महिन्यात तीन दिवस झाले. थायरॉक्सिन अंगात आठवडाभर रेंगाळते, त्यामुळे एखाद्या दिवसाने तिथे फारसे बिघडत नाही. बीपीची गोळी मात्र तेवढी टिकत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २००३ मध्ये नोंदवले होते की श्रीमंत देशांतसुद्धा दीर्घकालीन आजाराचे जेमतेम निम्मे रुग्ण औषधे सांगितल्याप्रमाणे घेतात, तेव्हा आई त्या मानाने खरोखरच काटेकोर आहेत. पाण्याबरोबर घेतलेल्या गोळीने उपवास मोडतो का, याचा निवाडा मी करणार नाही. माझ्या ओळखीच्या दोन वारकरी आजोबांनी तो केव्हाच 'औषधाला दोष नाही' असा लावून टाकला आहे.

भावाचा संशय मी हसण्यावारी नेत नाही. केंद्रीय औषध मानक नियंत्रण संघटना दर महिन्याला प्रमाणित दर्जात न बसलेल्या औषधांची यादी प्रसिद्ध करते आणि तीत ओळखीची नावे असतात. पण दर्जात न बसलेले आणि बनावट यांत फरक आहे: गोळी वेळेत विरघळली नाही किंवा तीत औषधाचे प्रमाण थोडे कमी भरले, तरी ते औषध त्या यादीत जाते, बनावट म्हणजे भलत्यानेच कुणाच्या तरी नावाने बनवलेले. स्वस्त असणे हा तर दोन्हीचा पुरावा नव्हे, उलट बनावट माल काढणाऱ्याला महागड्या नावाची नक्कल अधिक परवडते. जेनेरिक गोळी रक्तात मूळ औषधाइतकीच पोहोचते का, याच्या चाचणीत सरासरीभोवतीचा सगळा पल्ला ८० ते १२५ टक्क्यांच्या आत बसावा लागतो, आणि नीट न विरघळणाऱ्या औषधांसाठी भारतात २०१७ पासून ही चाचणी सक्तीची आहे. थायरॉक्सिनसारख्या औषधात मात्र थोड्या फरकानेही टीएसएच हलतो, म्हणून एकच कंपनी धरून राहावे आणि दुकानदाराने 'हेच आहे, नाव वेगळे' म्हणून दुसरी बाटली दिली, तर सहा आठवड्यांनी तपासणी करावी. पक्के बिल घ्या, त्यावरचा बॅच क्रमांक बाटलीशी ताडून पाहा. १ ऑगस्ट २०२३ पासून जास्त खपाच्या ३०० ब्रँडच्या वेष्टनावर क्यूआर कोड बंधनकारक झाला आहे, तो मोबाईलवर उघडून बघता येतो. तरीही शंका राहिली, तर अन्न व औषध प्रशासनाचे कार्यालय ठाण्यात आहे, आणि औषधाचा गुण येत नाही किंवा अपाय होतो ही माहिती १८००-१८०-३०२४ या औषध-दक्षता कार्यक्रमाच्या निःशुल्क क्रमांकावरही देता येते.

मावशींचे म्हणणे थोडक्यात निकालात काढतो. थायरॉक्सिनची किंवा या बीपीच्या गोळ्यांची अंगाला 'सवय' होऊन त्या निकामी होत नाहीत. चार वर्षांत आजार थोडा पुढे सरकू शकतो, ती वेगळी गोष्ट. गुडघ्यांवर दोन दिवसांत गुण देणाऱ्या बिनलेबलच्या चूर्णात स्टेरॉइड मिसळलेले आढळते, आणि स्टेरॉइडने बीपी आणि साखर दोन्ही वाढतात. ज्येष्ठमध हे पुष्कळ चूर्णांत असतेच, हेही लक्षात असू द्या.

तुमचा शेवटचा प्रश्न मला आवडला, कारण त्याचे उत्तर 'होय' असे आहे. १९५० च्या दशकात क्षयावरचे आयसोनियाझिड वापरात आल्यावर लक्षात आले की काहींच्या शरीरातून ते झपाट्याने नाहीसे होते आणि काहींच्या शरीरात रेंगाळते, आणि हा फरक आनुवंशिक आहे. या अभ्यासाला जर्मन आनुवंशिकीतज्ज्ञ फ्रीडरिश फोगेल यांनी १९५९ मध्ये फार्माकोजेनेटिक्स असे नाव दिले. अँजिओप्लास्टीनंतर रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून दिले जाणारे क्लोपिडोग्रेल हे याचे आज घरोघरी आढळणारे उदाहरण आहे: ती गोळी जशी गिळतो तशी निष्क्रिय असते, यकृतातले एक एन्झाइम तिला सक्रिय करते, आणि ज्यांच्यात हे एन्झाइम जन्मतः दुबळे आहे त्यांना तिचा पुरेसा उपयोग होत नाही. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१० मध्ये तिच्या माहितीपत्रकावर तसा ठळक इशारा छापायला लावला. ओमेप्राझोल ही अ‍ॅसिडिटीची गोळीही त्याच एन्झाइमला अडवते, म्हणून घरात कोणी क्लोपिडोग्रेलवर असेल, तर आईंच्या डबीतली अ‍ॅसिडिटीची गोळी त्यांना उसनी देऊ नका. खोकल्याच्या औषधातले कोडीनही काहींना असेच लागू पडत नाही. परंतु थायरॉक्सिन हे मुळात शरीर स्वतः बनवते तेच संप्रेरक आहे. त्याला शरीराने दाद न देणे हा फार दुर्मीळ आणि जन्मापासूनचा विकार असतो, तो साठीत उगवत नाही. वेळ आणि अंतर पाळूनही सहा आठवड्यांनी टीएसएच चढाच राहिला, तर डॉक्टर जठराचा किंवा आतड्याचा एखादा विकार शोषणात आड येतो आहे का, हे पाहतील.

पुढच्या भेटीला जाताना घरातली प्रत्येक स्ट्रिप, बाटली, मलम, चूर्ण आणि ज्येष्ठमधाची ती काडीसुद्धा एका पिशवीत घालून न्या आणि टेबलावर ओता. यादी लिहून नेली, तर 'वरची' औषधे नेमकी तिच्यातून सुटतात. घशासाठी आईंना गरम पाण्याच्या गुळण्या, आलेपाक किंवा तोंडात धरलेली खडीसाखर चालेल. भजनी मंडळात ज्येष्ठमधाची डबी बहुधा सगळ्यांत फिरत असणार. तिथल्या ज्या भगिनींना बीपीची गोळी चालू आहे, त्यांच्या कानावरही हे घालायला आईंना सांगा.